प्रकल्प नोंदी: लिझी मॅगी यांचे चरित्र आणि १९०४ चा पट

८ जून

आमच्या वाचन मंडळाच्या या वर्षीच्या प्रकल्पाला आज सुरुवात झाली. विषय आहे एलिझाबेथ मॅगी, ज्यांना सगळे लिझी मॅगी म्हणून ओळखत, आणि ज्यांनी १९०४ साली ‘द लँडलॉर्ड्स गेम’ या पटखेळाचे पेटंट अमेरिकेत मिळवले. पुढे ‘मोनॉपोली’ या नावाने जगभर विकला गेलेला खेळ याच पटातून निघाला, आणि मराठी घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईतल्या जागा विकत घेत ज्यांनी ‘व्यापार’ खेळला, ते सगळे नकळत याच बाईंच्या पटावर फिरत होते. प्रकल्पाची दोन अंगे ठरली आहेत. एक, त्यांच्यावर मराठीत एक सविस्तर चरित्रलेख तयार करायचा. आणि दोन, १९०४ च्या पेटंटात वर्णन केलेला पट जसाच्या तसा करून मंडळात खेळून पाहायचा.

आधार म्हणून मेरी पिलॉन यांचे २०१५ साली प्रसिद्ध झालेले ‘द मोनॉपोलिस्ट्स’ हे पुस्तक घेतले आहे. ते रूढ अर्थाने एका व्यक्तीचे चरित्र नाही. त्यात मॅगीबाई आहेत, मोनॉपोलीचे जनक म्हणून ज्यांचे नाव पुढे केले गेले ते चार्ल्स डॅरो आहेत, तो खेळ विकणारी पार्कर ब्रदर्स ही कंपनी आहे आणि त्या कंपनीशी अनेक वर्षे न्यायालयात झुंजलेले अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ अन्स्पाक आहेत. त्यातून मॅगीबाईंचा धागा वेगळा काढून सलग मांडायचा, हे काम आमच्याकडे आले आहे. बैठकीत वहिनींनी पहिलाच प्रश्न विचारला, की आपण एका खेळाची हकिकत लिहिणार आहोत की एका बाईची. मला वाटते, जिने नियम लिहिले तिच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, आणि प्रकल्पभर हेच तपासून पाहायचे आहे.

१२ जून

सुरुवातीच्या आयुष्याचा भाग वाचून झाला. मॅगीबाईंचा जन्म १८६६ साली इलिनॉय राज्यातील मॅकोम्ब या गावी झाला. वडील जेम्स मॅगी वृत्तपत्र चालवत, गुलामगिरीच्या विरोधात लिहीत, आणि १८५८ साली लिंकन व डग्लस यांच्या गाजलेल्या जाहीर वादविवादांच्या वेळी लिंकन यांच्याबरोबर हिंडले होते. घरात राजकारणाची चर्चा जेवणाच्या पानावरही चालत असणार, हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही.

पुढे वॉशिंग्टनमध्ये त्या स्टेनोग्राफर म्हणून काम करू लागल्या. टपाल खात्याच्या ज्या कार्यालयात पत्ता न लागलेली पत्रे येऊन पडत, तिथे त्यांची नोकरी होती. संध्याकाळी त्या कविता आणि गोष्टी लिहीत, रंगमंचावर विनोदी भूमिका करत. १८९३ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी टंकलेखन यंत्रात कागद रुळांमधून सहज सरकावा यासाठी एक सुधारणा शोधली आणि तिचे पेटंट घेतले. चरित्रलेखात या पेटंटाला पुरेशी जागा द्यावी असे मी सुचवणार आहे. दिवसभर ज्या यंत्रापुढे बसायचे, त्या यंत्रात काय अडते हे बारकाईने पाहायचे, मग त्यावर उपाय काढून तो कागदावर असा लिहायचा की अनोळखी माणसालाही तो करता यावा: खेळाचे नियम लिहिणाऱ्याला नेमके हेच करावे लागते. दहा वर्षांनी याच हातांनी पटाचा अर्ज लिहिला.

१५ जून

आजचा दिवस अमेरिकी अर्थविचारवंत हेन्री जॉर्ज यांच्यासाठी होता. त्यांचे ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ १८७९ साली आले. वडिलांनी ते मुलीच्या हाती दिले आणि तिच्या पुढच्या आयुष्याची दिशा तिथून ठरली. जॉर्ज यांचे म्हणणे थोडक्यात असे, की माणूस श्रमाने जे निर्माण करतो ते त्याचे आहे, पण जमीन कोणीच निर्माण केलेली नाही. शहर वाढते, रस्ते होतात, लोक येतात, आणि त्यामुळे जमिनीची किंमत वाढते, मात्र ती वाढ काहीही न करणाऱ्या मालकाच्या खिशात जाते. म्हणून मजुरीवर, घरांवर, व्यापारावर कर न लावता फक्त जमिनीच्या मूल्यावर कर लावावा. १८८६ साली ते न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभे राहिले आणि दुसऱ्या क्रमांकाची मते मिळवली. १८९७ साली पुन्हा उभे असताना मतदानाला काही दिवस उरले असता त्यांचे निधन झाले. मॅगीबाई या ‘एकल करा’च्या चळवळीत शिरल्या आणि नोकरी सांभाळून संध्याकाळी त्याचे वर्ग घेऊ लागल्या.

मंडळातील प्राध्यापिकाबाईंनी इथे एक गोष्ट लक्षात आणून दिली, जी लेखात यायलाच हवी. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले आणि तो उठाव आसपासच्या गावांत पसरला. त्याच्या चौकशीनंतर डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट झाला तो १८७९ मध्ये, म्हणजे जॉर्ज यांचे पुस्तक आले त्याच वर्षी. आणि महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला तो १८८३ साली, इथे पुण्यातच. या माणसांचा परस्परांशी संबंध होता असे आम्ही कुठेही सुचवणार नाही, कारण तसा काही पुरावा आमच्यापाशी नाही. परंतु जमीन कोणाची आणि तिच्यावर राबणाऱ्याच्या हाती काय उरते, हा प्रश्न त्या दशकात पुण्यातल्या वाचकालाही परका नव्हता, एवढे मराठी लेखाने सांगितले तर मॅगीबाईंची तळमळ आपल्या वाचकाला आतून कळेल.

२१ जून

पालख्या शहरात असल्यामुळे पेठांतले रस्ते बंद होते, त्यामुळे बैठक झाली नाही. घरी बसून पेटंटाचा मजकूर छापून घेतला. क्रमांक ७४८,६२६, अर्ज मार्च १९०३ चा, मंजुरी ५ जानेवारी १९०४ ची.

२२ जून

आजची नोंद लांबणार आहे, कारण या प्रकल्पातील सर्वांत मोलाचा कागद आज नीट वाचला.

पेटंटाच्या भाषेत भावनेला जागा नसते. आकृतीत काय दाखवले आहे, कोणता भाग कोठे आहे, कोणी कोठे थांबले तर काय करायचे, एवढेच लिहायचे असते. तरीही हा मजकूर वाचताना लिहिणारी व्यक्ती जशी समोर उभी राहिली, तशी ती पुस्तकातील रंगवलेल्या प्रसंगांतून राहिली नव्हती. पट चौकोनी आहे आणि वाट त्याच्या चारही कडांनी फिरते. आज आपण याला सवयीने पटखेळ म्हणतो. पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत जायचे, अशा सरळ वाटेच्या पटांची त्या काळी चलती असताना, जिथून निघालो तिथेच पुन्हा पुन्हा येणारी वाट निवडणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. कारण मजुरी, भाडे आणि खर्च यांचे रहाटगाडगे दाखवायचे तर वाट गोल फिरलीच पाहिजे.

आरंभाच्या कोपऱ्याला ‘मदर अर्थ’ म्हटले आहे. प्रत्येक फेरी म्हणजे खेळाडूने धरणीमातेवर केलेले श्रम, आणि तो कोपरा ओलांडला की त्या श्रमांचे वेतन म्हणून शंभर डॉलर मिळतात. लहानपणी ‘व्यापार’ खेळताना आरंभ ओलांडला की पैसे का मिळतात, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारले नव्हते. ती जणू बँकेची कृपा होती. मूळ पटावर तीच रक्कम कष्टाची मजुरी आहे. नियम तोच राहिला, त्याचे कारण मात्र गळून पडले.

वाटेवर काही घरे जीवनावश्यक वस्तूंची आहेत: भाकरी, कोळसा, निवारा, कपडे. तिथे थांबणाऱ्याला पाच डॉलर सार्वजनिक तिजोरीत भरावे लागतात, आणि त्यातून श्रीमंत खेळाडूची सुटका नाही की गरिबाची. एका कोपऱ्यावर ‘प्रवेश नाही’ अशी पाटी आहे आणि ती जमीन लॉर्ड ब्लूब्लड नावाच्या, लंडनमध्ये राहणाऱ्या उमरावाची आहे. पेटंट सांगते, की ही वापराविना अडवून ठेवलेली जमीन होय. तिथे पाऊल पडले की खेळाडू थेट तुरुंगात जातो, आणि दोन्ही फाशांवर सारखे दान पडेपर्यंत किंवा पन्नास डॉलर दंड भरेपर्यंत तिथेच राहतो. म्हणजे फेरीभर राबून मिळणाऱ्या मजुरीतील अर्धी रक्कम, आणि तीसुद्धा कोणी कसत नसलेल्या जमिनीवर पाय ठेवल्याबद्दल. १९०४ साली हा पट पुण्यात आला असता तर लंडनमध्ये बसलेला जमीनमालक ही कल्पना इथे कोणालाही समजावून सांगावी लागली नसती.

आणखी एक घर आहे सार्वजनिक उद्यानाचे, जिथे थांबायला पैसे पडत नाहीत. त्याच्याच शेजारी अनाथ-निर्धनांचा आश्रम. ज्याच्याकडे देणी भागवायला पैसा नाही आणि कर्ज काढायला मालमत्ता नाही, त्याने त्या आश्रमात जायचे आणि फेरी पुरी करता येईल असे दान पडेपर्यंत तिथे थांबायचे. ‘व्यापारा’त दिवाळे निघालेला भिडू उठून पाणी प्यायला जातो आणि बाकीचे खेळत राहतात. मॅगीबाईंच्या पटावर तो उठून जात नाही. तो सर्वांच्या डोळ्यांदेखत पटावरच असतो. मला हा संपूर्ण पेटंटातील सर्वांत विचारी नियम वाटतो.

२९ जून

पट करायला घेतला. अप्पा बळवंत चौकातून जाड माउंट बोर्ड, रंगीत कार्डशीट आणि शाई आणली. कडेची घरे चार कोपरे धरून चाळीस होतात, आणि प्रत्येक बाजूच्या मधोमध एक रेल्वे आहे, त्यामुळे आखणी करायला सोपी आहे. जमिनीच्या प्रत्येक घरात वर विक्रीची किंमत आणि खाली भाडे लिहिले आहे. नावांबाबत वाद झाला. माझ्या भाचीचे म्हणणे होते की जागांना पेठांची नावे द्यावीत, म्हणजे खेळताना मजा येईल. ते तिने स्वतंत्रपणे अवश्य करावे, पण या प्रकल्पासाठी बाईंच्या पटांवरील मूळ नावेच देवनागरीत लिहायची असे ठरले, कारण ‘सोकम लाइटिंग’ (‘सोक देम’, म्हणजे लुबाडा त्यांना) आणि ‘स्लॅमबँग ट्रॉली’ या कंपन्यांच्या नावांत ग्राहकाला पिळणाऱ्यांवरचा बाईंचा राग आहे, आणि तो पुसण्याचा अधिकार आम्हाला नाही. सोंगट्यांसाठी वहिनींनी घरच्या पटाच्या लाकडी सोंगट्या काढून दिल्या.

६ जुलै

नारायण पेठेत वहिनींच्या घरी पहिला पूर्ण डाव झाला. खेळायला वकीलकाका, प्राध्यापिकाबाई, वहिनी आणि भाची. मी नोंदी घेत होते आणि बँक सांभाळत होते. खेळाचा हेतू पेटंटात स्पष्ट आहे: आधी ठरवलेल्या फेऱ्या पूर्ण झाल्यावर ज्याच्याकडे सर्वांत जास्त संपत्ती तो विजेता. भाचीने आरंभीच जाहीर केले, की ती एकही जमीन घेणार नाही. केवळ मजुरीवर राहून काय होते ते तिला पाहायचे होते. हा प्रयोग प्रकल्पाच्या दृष्टीने फार उपयोगी ठरला.

पहिल्या फेरीत तिचे उत्तम चालले. बाकीच्यांचे पैसे जमिनीत गुंतलेले आणि हिच्या हातात रोकड. वहिनींनी तिला सांगूनही पाहिले, “अगं, घेऊन ठेव एखादी, पुढे मिळायची नाही,” पण ती ठाम राहिली. दुसऱ्या फेरीपासून चित्र बदलू लागले. जिथे पाऊल पडेल ती जागा कोणाची ना कोणाची होती. शंभर डॉलरची मजुरी हाती यायची आणि पुढचा कोपरा येईपर्यंत तिचे तुकडे तीन जणांत वाटले जायचे. वाटेत कोळशाचे पाच, भाकरीचे पाच. तिला मात्र संपूर्ण डावात कोणी एक डॉलर भाडे दिले नाही, कारण द्यायला तिची जागाच नव्हती. एकदा वकीलकाका लॉर्ड ब्लूब्लडच्या जमिनीवर गेले आणि तुरुंगात बसले. सारखे दान पडेना म्हणून शेवटी त्यांनी पन्नास डॉलर मोजले, आणि पुढच्याच दानात भाची त्यांच्या जागेवर आल्यामुळे त्यातील काही भाग त्यांना परत मिळाला. तेव्हा ती पटकन म्हणाली, “काका, तुमचा दंड मी भरला.” हेन्री जॉर्ज यांच्या ग्रंथातील एक संपूर्ण प्रकरण त्या वाक्यात होते, आणि ते तिला कोणी शिकवलेले नव्हते. पटाने शिकवले.

शेवटी मोजदाद केली तेव्हा सर्वांत कमी संपत्ती तिचीच निघाली. आळस किंवा उधळपट्टी यांचा त्यात काही भाग नव्हता. इतरांइतक्याच फेऱ्या तिने मारल्या होत्या आणि इतरांइतकीच मजुरी तिला मिळाली होती. प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, की वर्गात जमिनीच्या खंडाचा सिद्धान्त त्यांनी फळ्यावर आकृत्या काढून वर्षानुवर्षे शिकवला, पण असा पट हाताशी असता तर पहिले तास त्यावरच घेतले असते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन संस्थेत शिकवणाऱ्या स्कॉट निअरिंग या अर्थशास्त्रज्ञाने तसेच केले होते.

९ जुलै

एका मुद्द्याची शहानिशा केली. अनेक ठिकाणी असे छापून येते, की १९०४ च्या पेटंटातच मॅगीबाईंनी दोन नियमावल्या दिल्या होत्या, एक मक्तेदारांची आणि एक सर्वांच्या भरभराटीची. पेटंटात एकाच खेळाचे वर्णन आहे. ‘प्रॉस्पेरिटी’ या नावाचा जोडखेळ १९३२ च्या आवृत्तीत ठळकपणे येतो. लेखात आम्ही हे वर्षांनिशी वेगवेगळे मांडणार आहोत, कारण बाईंचा विचार पुढे कसा वाढत गेला हे त्यातूनच दिसते.

१३ जुलै

१९०६ हे वर्ष चरित्रात फार महत्त्वाचे आहे. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या इकॉनॉमिक गेम कंपनीने लँडलॉर्ड्स गेम बाजारात आणला, आणि त्याच वर्षी शिकागोत राहणाऱ्या मॅगीबाईंनी वृत्तपत्रात जाहिरात देऊन स्वतःला ‘अमेरिकन गुलाम तरुणी’ म्हणून लिलावात विकायला काढले. स्टेनोग्राफरच्या आठवड्याला दहा डॉलर पगारात एकट्या बाईचा निर्वाह होत नाही आणि लग्न हा एकच मार्ग तिच्यापुढे ठेवला जातो, याचा तो निषेध होता. देशभरच्या वृत्तपत्रांनी बातमी उचलली. मुली म्हणजे यंत्रे नव्हेत, त्यांना मन आहे, इच्छा आहेत, महत्त्वाकांक्षा आहेत, असे त्यांनी वार्ताहरांना बजावले. त्या वर्षाअखेरीस त्यांना एका वृत्तपत्रात नोकरीही मिळाली. पुढे १९१० साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी अल्बर्ट फिलिप्स यांच्याशी विवाह केला.

वहिनींना हा प्रसंग लेखाच्या आरंभी हवा आहे. वाचक तिथे थबकेल हे खरे. माझे मत असे आहे, की ही जाहिरात आणि तो पट एकाच बुद्धीची कामे आहेत आणि ती शेजारी शेजारी मांडावीत: जी व्यवस्था लोकांनी सवयीने गृहीत धरली आहे, ती तिच्याच नियमांनी खेळून दाखवायची, म्हणजे पाहणाऱ्याला ती सहन होत नाही. श्रमाचा बाजार आहे म्हणता ना, मग ही घ्या मी विक्रीला उभी. जमिनीची मालकी पवित्र आहे म्हणता ना, मग बसा पटाभोवती. पिलॉन यांनी हा प्रसंग चांगला रंगवला आहे, पण खेळाच्या नियमांपासून तो त्यांच्या पुस्तकात दूर पडतो.

२० जुलै

खेळ हातोहात कसा पसरला, हा भाग वाचताना मी हरखून गेले. डेलावेअर राज्यात आर्डेन नावाचे एक छोटे गाव १९०० साली जॉर्ज यांच्या विचारांवर वसवले गेले, आणि तिथले रहिवासी हा पट घरी लाकडावर किंवा कापडावर काढून खेळत. तिथून तो महाविद्यालयांत गेला, मित्रांच्या घरी गेला. प्रत्येक गावात लोक आपापल्या रस्त्यांची नावे घालत. अटलांटिक सिटीतील क्वेकर पंथाच्या शिक्षकांनी १९३० च्या सुमारास आपल्या शहराची नावे घातली आणि आज जगभर ओळखला जातो तो पट तयार झाला. चार्ल्स टॉड या गृहस्थाने १९३२ मध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स डॅरो यांना तो शिकवला. टॉड यांच्या पटावर ‘मार्व्हेन गार्डन्स’ या जागेच्या नावात एक अक्षर चुकले होते आणि ‘मार्व्हिन गार्डन्स’ झाले होते. डॅरो यांनी आपला म्हणून जो पट कंपनीला विकला, त्यावर तेच चुकीचे अक्षर जसेच्या तसे आहे. परीक्षेत शेजारच्याची उत्तरपत्रिका उतरवून घेणाऱ्याला परीक्षक जसा नेमका चुकीवरून पकडतो, तसा हा पुरावा आहे. पार्कर ब्रदर्सने या चुकीबद्दल रहिवाशांची माफी मागितली ती १९९५ मध्ये.

डॅरो यांच्याविषयी लेखात कडवट लिहू नये, असे वकीलकाकांनी सुचवले आणि ते मला पटले. महामंदीत नोकरी गेलेला तो माणूस होता. लोकांच्या घरातून फिरणारी वस्तू त्याने नीट छापली आणि विकली. फक्त ती आपणच शोधली असे सांगितले, आणि ती कहाणी कंपनीने पुढे अनेक दशके खेळाबरोबर विकली.

२७ जुलै

आज वकीलकाकांनी कायद्याची बाजू समजावून दिली. अमेरिकेत तेव्हा पेटंटाची मुदत मंजुरीपासून सतरा वर्षे असे, म्हणजे मॅगीबाईंचे पहिले पेटंट १९२१ मध्ये संपले. १९२४ मध्ये त्यांनी सुधारलेल्या पटाचे दुसरे पेटंट घेतले, आणि ते चालू असतानाच १९३५ साली मोनॉपोलीची विक्री झपाट्याने वाढू लागली. त्यामुळे कंपनीला हा कागद हाती असणे आवश्यक होते. नोव्हेंबर १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने तो पाचशे डॉलरला विकत घेतला; विक्रीतील हिस्सा काही नाही. कंपनीचे संस्थापक जॉर्ज पार्कर स्वतः व्हर्जिनियात बाईंच्या घरी आले होते. बाईंना वाटले, आता आपला खेळ, आपल्या विचारासह, घराघरांत जाईल. कंपनीने १९३९ मध्ये लँडलॉर्ड्स गेम छापला खरा, पण त्याचा फारसा प्रचार झाला नाही.

त्याआधी जानेवारी १९३६ मध्येच बाईंना परिस्थिती उमगली होती. ‘इव्हनिंग स्टार’मध्ये त्यांचे छायाचित्र आले, हातात पट धरलेले. वकील, छापखाना आणि पेटंट कार्यालय यांचा खर्च धरला तर खेळाने जेवढे दिले त्याहून बहुधा जास्तच घेतले, असे त्या बातमीत नोंदवले आहे. राल्फ अन्स्पाक यांनी १९७३ मध्ये ‘अँटी-मोनॉपोली’ हा खेळ काढला नसता आणि त्यावरून कंपनीशी त्यांचा दावा उभा राहिला नसता, तर ही कात्रणे कोणी शोधलीही नसती. त्या दाव्याच्या काळात त्यांच्या खेळाच्या हजारो प्रती मिनेसोटात जमिनीत पुरल्या गेल्या. अखेर १९८२ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम राहू दिला. या खटल्याला आमच्या लेखात दोन परिच्छेदांपेक्षा जास्त जागा मिळणार नाही. ती कथा अन्स्पाक यांची आहे आणि ती पुस्तकात भरपूर आली आहे.

३ ऑगस्ट

लेखाच्या मांडणीवर दीर्घ चर्चा झाली. बहुतेकांचा कल असा होता, की डॅरो लक्षाधीश झाले आणि मॅगीबाईंना पाचशे डॉलर मिळाले, या विरोधापासून सुरुवात करावी. मी याला शेवटपर्यंत विरोध केला आणि कारण इथे नोंदवून ठेवते. अन्याय झाला हे निर्विवाद आहे आणि ते ठामपणे लिहायचेच आहे. परंतु ज्या बाईंनी दोन पेटंटे पटाची आणि एक यंत्राचे घेतले, त्यांचा परिचय आपण ‘जिचे श्रेय हिरावले गेले ती’ असा करून दिला, तर त्यांना पुन्हा एकदा डॅरो यांच्या गोष्टीतील एक पात्र करून ठेवतो. त्यांनी काय रचले हे आधी कळले पाहिजे, तरच काय हिरावले गेले हे कळते. पाचशे डॉलर कमी होते हे सांगायला मोनॉपोलीच्या विक्रीचे आकडे लागतात. पण धरणीमातेच्या कोपऱ्यावरची मजुरी ‘आरंभ ओलांडल्याचे बक्षीस’ होऊन बसली, हे नुकसान आकड्यांत दिसत नाही.

प्राध्यापिकाबाईंनी या संदर्भात मोक्षपटाची आठवण काढली. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेल्या त्या पटावर शिड्यांना सद्गुणांची आणि सापांना दुर्गुणांची नावे असत. सापशिडी म्हणून तो जगभर गेला तेव्हा साप आणि शिड्या राहिल्या, नावे गेली. शिकवण्यासाठी केलेला पट रंजनासाठी उरतो, असे एकाहून अधिक वेळा घडले आहे. हा संदर्भ लेखात एका वाक्यात येईल.

१० ऑगस्ट

लेखाचा खर्डा पूर्ण झाला आणि तपासणीसाठी प्राध्यापिकाबाईंकडे दिला. सुरुवात पेटंटातील नियमांनी होते. मदर अर्थ, जीवनावश्यक वस्तू, प्रवेश नसलेली जमीन आणि निर्धनांचा आश्रम या चार घरांचे वर्णन करून मग मॅकोम्ब, वडील आणि हेन्री जॉर्ज येतात. लिलावाची जाहिरात खेळाच्या १९०६ च्या आवृत्तीला लागून ठेवली आहे. पाचशे डॉलरचा व्यवहार बराच पुढे आहे. १९४० च्या जनगणनेतील नोंद मी हट्टाने स्वतंत्र परिच्छेदात घेतली आहे. मॅगीबाई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या. व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी लिहवले ‘खेळ तयार करणारी’, आणि उत्पन्नाच्या रकान्यात शून्य. १९४८ साली त्यांचे निधन झाले.

वहिनींच्या सूचनेवरून लेखासोबत नियमांचे एक पानही छापायचे ठरले आहे, म्हणजे ज्याला हवे तो माउंट बोर्ड आणून घरी पट आखू शकेल. भाचीने पेठांच्या नावांचा पट करायला घेतला आहे. तिच्या पटावर लॉर्ड ब्लूब्लडच्या जागी कोणाला बसवायचे, यावर पुढच्या बैठकीत निर्णय होईल.